कट्ट्यावरची फुली

खरं सांगतो, त्या कामाला मी वैतागलो होतो. कुपवाडच्या एका फाउंड्रीतलं सगळं काम कागदावरून मोबाइलवर आणायचं होतं. साचा कोणी केला, लोखंड कोणी ओतलं, घासलं कोणी. प्रत्येक टप्प्यापुढे एक नाव, त्या माणसाने होकार दाबला की माल पुढे. एवढं सोपं, पण विचारून विचारून माझ्या तोंडाला फेस आला.

घासण्यापर्यंत नावं मिळाली. पुढे माल कट्ट्यावर ठेवतात आणि आठवड्याच्या सुट्टीनंतर उचलतात. तेव्हा आतून चिरलेल्या नगांवर खडूची फुली असते. फुली कोण मारतं, असं विचारलं की सगळे खाली बघायचे. शेवटी मालक जयराजदादांनी सांगितलं. धोंडिराम म्हणून पारखी होता. हातोडीने वाजवायचा, चांगला नग खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. सहा वर्षांपूर्वी तो त्या कट्ट्यावरच वारला. फुल्या मात्र थांबल्या नाहीत. जास्त खोलात जाऊ नका, एवढंच ते म्हणाले.

मी मनातल्या मनात हसलो. पण नाव रिकामं ठेवलं तर पुढचा टप्पा उघडेना, म्हणून सुट्टीच्या दुपारी एकटाच जाऊन बसलो. मशीन बंद, वरचा पत्रा तापलेला, जळक्या वाळूचा वास. आणि कट्ट्याकडून आवाज आला. खण्ण... खण्ण... बद्द. मग खडू घासल्याचा. तिथे कोणी नव्हतं. मी घाबरलो, चांगलाच घाबरलो. कसंही करून काम संपवायचं आणि पळायचं, म्हणून मोबाइलवर पारख्याच्या रिकाम्या रकान्यात माझंच नाव टाकलं. तात्पुरतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेहमीच टाकतो.

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी फाटकातच बनाबाई भेटली. धोंडिरामची बायको, तिथेच झाडलोट करते. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा निवांत होता.

"धनी काल सपनात घरला आलं, सायेब. सा वर्सांत पयल्यांदाच. म्हनलं, सुटलो बग... मानूस मिळाला."

मी लगेच माझं नाव काढलं. पण तेव्हापासून माझी बोटं गप्प बसत नाहीत. पेला, दार, खिडकीचे गज, जे समोर येईल ते वाजवत जातो. आणि मला कळतं. आमच्या जिन्याचा कठडा बद्द वाजला होता. आठवड्याच्या आत तुटला.

गेल्या रविवारी माझी सात वर्षांची लेक शिवांजली अभ्यास करता करता मांडीवर झोपली. मी सवयीने तिच्या पाठीवर थोपटलं.

बद्द...

सांगलीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, छातीचे फोटो काढले. काहीही दोष नाही म्हणाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र कट्टा आठवला. त्या नगांतही वरून काहीच दिसायचं नाही.

आज सकाळी शिवांजली शाळेला निघाली. दप्तर अडकवायला पाठमोरी झाली, तर तिच्या गणवेशावर पांढरी फुली. आमच्या घरात खडू नाही. ती पुसायला मी हात पुढे केला, तर माझी बोटं आधीच पांढरी होती.