निळ्या खुणेचं दूध

वडूजकडच्या माळावर एक रीत आहे. म्हैस एका हाताला लागलेली असते. त्या हाताची बाई गेली, की धार काढणाऱ्यानं तिचं न धुतलेलं लुगडं अंगावर घ्यायचं. वास ओळखून म्हैस पान्हा सोडते. शिकलेल्यांनी खुशाल हसावं. म्हशीला हसणं कळत नाही, वास कळतो.

प्रांजलला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. तरीही आईचं, हरणाबाईचं, तेरावं उरकल्यावर तिनं ते लुगडं गुपचूप पिशवीत घातलं आणि कुपवाडला आणलं. म्हैस काय, होईल तिला सवय. शेण, दूध आणि मिश्रीचा तो वास प्रांजललाही हवा होता. बापानं, आबांनी, लुगडं मागितलं नाही. म्हैस कुणाला धार काढू देत नाही, एवढंच फोनवर सांगितलं.

कुपवाडच्या एका दूध संघात सर्व्हर सांभाळायचं काम प्रांजलकडं होतं. गावोगावच्या डेअरीत सकाळी दूध काट्यावर चढलं, की घालणाऱ्याच्या नावापुढं त्याचं वजन सर्व्हरवर उमटायचं. म्हैस आईच्या नावावर होती, गाय आबांच्या. आबांच्या नावापुढं रोज गाईचं दूध दिसायचं. आईच्या नावापुढं नुसती रिकामी जागा.

मग सर्व्हरची नवी आवृत्ती आली. सोबत काम करणारा जयराज खूश होता.

"बघ आता. पुसलेलं परत आणता येतं, शोधणं झटक्यात होतं. आणि ही खरी गंमत... गावाकडून आकडा आला नाही, तर सर्व्हर मागचं बघून स्वतःच भरतो. टँकरचा अंदाज चुकायला नको."

"मग खरा कुठला, भरलेला कुठला, कळायचं कसं?"

"भरलेल्याशेजारी निळी खूण येते. खूण झाकली तर देवाला पण कळायचं नाही!"

दुसऱ्या सकाळी आईच्या नावापुढं दूध होतं. शेजारी निळी खूण. सगळं ठाऊक असूनही प्रांजलनं बोटानं ती खूण झाकून पाहिली. मेलेल्या माणसाचं नाव काढून टाकायचं तिच्याच हातात होतं. तिनं काढलं नाही. आई रोज डेअरीत येऊन जाते, असं वाटायचं. तेवढंच बरं वाटायचं.

आणि एका सकाळी खूण नव्हती.

दूध होतं. काट्यावर चढलेलं, खरं.

तिनं फोन लावला. आबांचा आवाज घोगरा होता.

"थंडी लय पडलीया गं..." ते खोकले. "चूल पेटावलीया. तू च्या घेतलास का? जा कामावर, उशीर करू नगंस."

"आबा, म्हशीची धार कुनी काढली?"

पलीकडं आबा गोठ्यात जाऊन आले. मग हलकेच, "कास तर मोकळी हाय... किटलीबी धुऊन पालथी घातलीया. मी न्हाई काढली."

घरी येऊन तिनं लुगडं ठेवलेलं कपाट उघडलं. लुगड्याचा पदर ओला होता. ताज्या दुधाचा, अजून कोमट वास...

दुसऱ्याच दिवशी ती लुगडं घेऊन गावी गेली. उन्हं कलली होती. आबा गोठ्याच्या दारात बसले होते, गालफडं आत गेलेली. लुगडं बघून त्यांनी मान हलवली.

"आनलंस. बरं केलंस. लुगडं तुझ्याकडं, म्हस हितं. बाईनं तरी किती हेलपाटं घालायचं?"

"आवं, मग मागायचं की तुमी!"

"पोरीकडनं तिच्या आईचं लुगडं मागू? येवढा निलाजरा हाय व्हय मी?"

प्रांजलनं लुगडं त्यांच्या हातात दिलं. आबांनी लुगडं डोक्यावरून घेतलं आणि किटली घेऊन म्हशीखाली बसले. प्रांजल म्हशीच्या तोंडापाशी कडबा धरून उभी राहिली. म्हशीनं कडब्याकडं पाहिलंही नाही. मान वळवून ती आबांच्या पाठीमागं, रिकाम्या दाराकडं बघत राहिली. आबांचा हात अजून कासेला लागला नव्हता, तोच दुधाच्या धारा आपोआप जमिनीवर पडायला लागल्या.

आबा मागं न वळता हळूच म्हणाले, "आलीस व्हय...?"

"मी हितं हाय आबा. तुमच्या म्होरं."

"तुला न्हाई म्हनलं."

दिवे लागायच्या आत एस.टी. होती. आबांनी पिशवीत शेंगा भरून दिल्या. "ऱ्हातीस का आजचा दिवस?" त्यांनी विचारलं, तेही दुसरीकडं बघत. उद्या संघात टँकरचं काम होतं. प्रांजल म्हणाली, "रविवारी येते." लुगडं परत दिलं, आता सगळं जागेवर बसलं, असं तिनं मनाला समजावलं. माणूस अशा वेळी स्वतःला किती गोड समजावतो!

सकाळी संघाबाहेर दाट धुकं होतं. आईच्या नावापुढं दूध उमटलं. खरं, बिनखुणेचं. आबांनी काढलं असणार, तिला हायसं वाटलं. मग तिनं खालची ओळ पाहिली. आबांच्या नावापुढंही दूध होतं, नेहमीएवढंच.

शेजारी निळी खूण.

म्हणजे गाईचं दूध घेऊन आबा आज डेअरीत आले नव्हते. मग म्हशीचं कुणी आणलं?

तिनं झटकन फोन लावला. लगेच उचलला गेला.

"आबा! बरं हाय न्हवं?"

"थंडी लय पडलीया गं..." खोकला. "चूल पेटावलीया. तू च्या घेतलास का? जा कामावर, उशीर करू नगंस."

"आबा, डेअरीत का न्हाई गेला? आबा, लुगडं कुटं हाय?"

पलीकडं किटलीत धार पडत होती, संथ, एकसारखी. काढणाऱ्याच्या हातात बांगड्या वाजत होत्या.

"थंडी लय पडलीया गं..." आबा म्हणाले, आणि त्याच जागी खोकले. आवाजाशेजारी निळी खूण येत नाही.