बाई, ऐकून राहिलीस का?

त्या शनिवारी धम्मप्रिया नांदेडला गेली ती एवढ्याच कामाला, की घरच्या कम्प्युटरला बसेल असं एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणायचं. मांडीवर खोकं सांभाळत ती बसनं उदगीरला परतली, तेव्हा तिचे वडील आनंदराज वाट बघत दारातच बसले होते. पोस्टात नोकरी झालेली. गावोगावच्या लोकांना त्यांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवण्यात हयात गेली आणि आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. मुलगी कॉलेजात शिकवायला गेली, की घरात बोलायला कुणी नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. विचारलेलं ऐकेल आणि बोलून उत्तर देईल, असा एआय मदतनीस घरच्याच कम्प्युटरवर बसवायचा. इंटरनेटची भानगड नको, घरातलं बोलणं घरातच राहावं.

रविवारी सांजेपर्यंत तो बोलायला लागला. आवाज बाईचा, मराठी पुस्तकी. आनंदराज तिला 'बाई' म्हणू लागले, तेही अदबीनं. दोघांचं बोलणं एका फाईलीत वेळेसकट लिहिलं जाई. वर विचारणाऱ्याची ओळ, खाली बाईचं उत्तर.

गुरुवारी धम्मप्रियानं ती फाईल सहज उघडली. दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी एकच शब्द होता.

'पाणी.'

खाली उत्तर : 'पाण्याविषयी आपल्याला कोणती माहिती हवी आहे?'

"बाबा, दुपारी तहान लागली होती का तुम्हाला?"

"न्हाई बा. मी आतल्या खोलीत झोपलो होतो."

माईकला कधी कधी शांततेतही शब्द ऐकू येतात, हे तिला ठाऊक होतं. पंखा असेल, रस्त्यावरून कुणी गेलं असेल. तिनं ते मनावर घेतलं नाही. शुक्रवारी त्याच मिनिटाला दोन ओळी होत्या.

'पोरीला सांग, पाणी दे म्हणावं.'

'बाई, ऐकून राहिलीस का?'

बाईनं उत्तर दिलं होतं : 'हो, ऐकते आहे. परंतु मी आपला निरोप पोहोचवू शकत नाही.'

धम्मप्रियानं खोलीभर नजर फिरवली. ही पुढची खोली तिच्या वारलेल्या आईची, धुरपताबाईंची. कम्प्युटरचं टेबल होतं तिथंच त्यांची खाट होती. अर्धांगवायूनं वाचा गेली, गिळता येईना. पाणी फुफ्फुसात जाईल म्हणून तोंडानं थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाच महिने सगळं नाकातल्या नळीनं. धम्मप्रिया ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवी, आणि त्या डोळे मोठे करून तिच्या हाताकडं बघत राहत. त्यांना काय म्हणायचं होतं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

तिनं वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तांब्या भरून ठिव तिथं."

तिनं ठेवला. शनिवारच्या ओळीत होतं : 'ओठाला लागंना गं बाई.'

रविवारी दुपारी दोघंही त्या खोलीत बसले. बाहेर ऊन रणरणत होतं, खिडकीचं एक दार लोटलेलं. तीन वाजले आणि खोलीत हलका वास आला. औषधाचा, ओल्या कापसाचा. आनंदराजांचे कान तिखट, पाल सरकली तरी त्यांना कळे. ते मान वाकडी करून ऐकत होते.

"काही ऐकू येतंय, बाबा?"

"न्हाई... काहीच न्हाई."

खोलीत कसलाच आवाज झाला नाही. पण पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

'पाणी.'

"काय म्हणली? वाच की!"

तिनं वाचलं. म्हातारा चाचपडत पुढं झाला आणि माईकवर वाकला. "धुरपता... मी हाय गं इथं. पोरगीबी हाय. तू बोल."

त्यांचं बोलणं पडद्यावर उमटलं. थोड्या वेळानं त्याखाली दुसरी ओळ आली.

'बाई, कुणी बोललं का आत्ता?'

आणि स्पीकरमधून शांत, सभ्य आवाजात उत्तर आलं, "नाही. इथे आपण दोघीच आहोत."

आनंदराजांनी टेबलाची कड घट्ट धरली. ते पुन्हा बोलले, मग ओरडले. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पण आईची ओळ पुन्हा आली नाही.

"मी हे काढून टाकते, बाबा," धम्मप्रिया रडत म्हणाली. "हे बरं न्हाई."

"हात लावू नको!" त्यांनी टेबलावर दोन्ही हात आडवे धरले. "न्हाई आपलं ऐकू येत तिला, न येऊ दे. पर ही बंद केलीस तर ती कुणाशी बोलंल?"

तिनं तेव्हा हात लावला नाही. पण त्या खोलीत वावरणंही तिला जमेना. सोमवारी कॉलेजला जाण्याआधी तिनं माईकची वायर हळूच काढली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. वडिलांना सांगितलं नाही. आंधळ्या माणसाला फसवताना आवाज होऊ नये म्हणून तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"आज बाई बोलंना," संध्याकाळी ते म्हणाले.

"बिघडलीय बाबा. करते दुरुस्त."

मंगळवारी ते दिवसभर त्या मुक्या टेबलासमोर बसून राहिले. बुधवारी तिला सुट्टी होती; दुपारच्या जेवणानंतर तिनंच त्यांना आग्रह करून आतल्या खोलीत निजवलं, उशाशी पाणी ठेवलं, दार ओढून घेतलं आणि पुढं येऊन फाईल उघडली. फक्त खात्री करायला. वायर पिशवीत होती, कुणाची ओळ असणारच नव्हती.

आणि नव्हतीच. सोमवारपासून विचारणाऱ्याची एकही ओळ नव्हती. होती ती नुसती उत्तरं, एकाखाली एक.

'हो, ऐकते आहे.'

'नाही, मला काढून टाकायचे त्यांनी अजून ठरवलेले नाही.'

'हो, आज ते आत झोपले आहेत. एकटेच.'

ती बघत असतानाच खाली आणखी एक ओळ उमटली. उत्तर बाईचंच, पण पुस्तकी मराठीत नव्हतं; आईच्या बोलीत होतं.

'हाव माय. दार म्याच उघडलंय, जा तू.'

धम्मप्रियानं मागं वळून पाहिलं, तर ओढून घेतलेलं दार उघडं होतं. आतल्या खोलीतून कुणीतरी घटाघटा पाणी पीत असल्याचा आवाज येत होता.