फ्यूज नाही विचारत मी

दर गुरुवारी दुपारी, जेवण उरकलं की मी बॅटरी आणि मोजपट्टी घेऊन धरणाच्या पोटात उतरायचो. तिथून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोगदा जातो, आम्ही त्याला गॅलरी म्हणायचो. भिंतीतून झिरपलेलं पाणी एका खाचेतून वाहतं. त्याची उंची मोजायची, वर यायचं आणि साहेबांना फोनवर आकडा सांगायचा. अर्ध्या तासाचं काम. एकोणीस वर्षं केलं, कधी काही वाटलं नाही.

बाहेर कितीही रखरखीत ऊन असो, गॅलरीत कायम तिन्हीसांजा. शेवाळाचा, ओल्या सिमेंटचा, जुन्या ग्रीसचा वास. दिवे होते, पण निम्मे गेलेले. आणि थेंब. छतातून, भिंतीतून, लांब कुठेतरी अंधारात, टपटप टपटप. त्या आवाजाची इतकी सवय होते की तो थांबला तरच माणूस दचकेल.

त्या गुरुवारी तो थांबला.

पण आधी दाजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. धरणाच्या खाली नदीच्या एका काठावर त्यांचं घर, दुसऱ्या काठावर शाळा. पूल फार लांब पडायचा, म्हणून ते नदीतल्या दगडांवरून चालत यायचे-जायचे, चपला हातात घेऊन. मी धरणाचे दरवाजे चालवायचो. नियम साधा होता. पाणी सोडायच्या आधी तीनदा भोंगा वाजवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मगच दरवाजे उचलायचे. "तुझा भोंगा असताना मला कसली भीती," असं दाजी म्हणायचे.

आणि एके दिवशी भोंगा वाजलाच नाही. बटण दाबलं, नुसतं टक् झालं. फ्यूज उडाला होता. वरच्या अंगाला पाऊस धो धो कोसळत होता आणि चार वाजता पाणी सोडा, असा साहेबांचा फोन येऊन गेला होता. साहेबांना कळवता आलं असतं. कपाटात हाताने फिरवायचा भोंगा होता. तेही नाही तर दोनशे पायऱ्या उतरून काठावरून हाक मारता आली असती. मी घड्याळाकडे पाहिलं, गॅसवर ठेवलेल्या चहाकडे पाहिलं, आणि स्वतःशीच म्हणालो, या वेळेला नदीत कोण मरायला जातंय. अगदी याच शब्दांत.

दाजी दुसऱ्या दिवशी सापडले. खूप खाली, वळणावर.

चौकशीत मी सांगितलं, भोंगा वाजवला, तीनदा. फ्यूज मी त्याच संध्याकाळी बदलून टाकला होता. वारा उलटा होता, ऐकू आला नसेल, असं लोकच म्हणाले. ताईची तर खात्रीच होती. लग्नाआधी कुणा हात बघणाऱ्याने दाजींना पाण्यापासून जपायला सांगितलं होतं म्हणे. "त्यांचं तिथंच लिहिलेलं होतं रे. तू तरी काय करणार," म्हणून उलट तिनेच माझी समजूत काढली. आणि मी ती काढून घेतली. गोड लागलं मला ते. रोज रात्री मी तिच्याकडे जेवायला जायचो आणि ती मला आग्रह करकरून वाढायची.

अशा दोन महिन्यांनंतरचा तो गुरुवार.

मी वाकून पट्टी खाचेत धरली होती. थेंब थांबले. सगळे, एकदम. कानात नुसती पोकळी. मग मागून, गॅलरी जिथे वळते तिथून पावलं ऐकू आली. अनवाणी, ओली. एक पाऊल, थोडं थांबणं, मग दुसरं. सपाट जमिनीवर असं कुणी चालत नाही. दगडावरून दगडावर जाणारा माणूस असा चालतो.

नदीच्या गाळाचा वास आला.

"बरं का..."

दाजींचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं. वर्गात, घरात, कुठेही.

"बरं का, मी मधल्या दगडावर थांबलो होतो... गडगड ऐकू येत होती. वाटलं, पाणी आलं. मागे फिरावं... मग म्हटलं, भोंगा नाही वाजला. म्हणजे पाणी नाही. वारा असेल..."

आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाला चित्रातली चूक समजावून सांगावी, तसं बोलत होते. मी वळलो नाही. पट्टीवरचा आकडा तेवढा पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

"तुझी ताई म्हणते, नशिबात होतं... तू काय म्हणतोस?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. दोन महिने तेच तर घोळवत होतो. तुमच्या हातावरच होतं, दाजी. एवढं म्हटलं असतं तर कदाचित ते मानेनेच हो म्हणून निघूनही गेले असते. मी तोंड उघडलं.

"दाजी, तो फ्यूज..."

"फ्यूज नाही विचारत रे मी."

पाऊल माझ्या अगदी पाठीशी येऊन थांबलं. मानेवर गार हवा लागली.

"मला खाली येता आलं असतं," मी म्हणालो. "चहा ठेवला होता, म्हणून नाही आलो."

कुणीतरी श्वास सोडला. आणि टप् करून एक थेंब पडला. मग दुसरा. मग सगळे.

मी तसाच ताईकडे गेलो. ती दाजींचे सदरे घडी करून पेटीत ठेवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती रडली नाही. हातातला सदरा तिने पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.

"तो चहा," ती म्हणाली, "नंतर प्यायलास?"

"हो."

तिने पेटीचं झाकण लावलं. "दोन महिने मी नशिबाला शिव्या देतेय. ते सोपं होतं रे. नशीब काही रोज माझ्याकडे जेवायला येत नाही."

त्यानंतर मी त्या घरात जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी खरा जबाब दिला. वकील म्हणत होता, पावसावर ढकलू, पाण्यापुढे माणूस काय करणार. मी नाही म्हटलं. दोन वर्षं आत काढली. आता या नदी नसलेल्या गावात एका बेकरीत पीठ मळतो. ताईचं पत्र येत नाही, मीही पाठवत नाही. पण झोप लागते. खोटं कशाला बोलू, गेल्या आठवड्यापर्यंत नीट झोप लागायची.

गेल्या आठवड्यात बेकरीत फोन आला. धरणावर माझ्या जागी आता एक बाई आहेत. नंबर त्यांनी कुठून मिळवला, कोण जाणे. आवाज शांत होता. कामाचं विचारावं, तसं विचारत होत्या.

"तुमच्या वेळी गॅलरीत आवाज यायचे का हो?"

"कसले?"

"दोन माणसं बोलतात. मी माप घ्यायला वाकले की वळणाच्या पलीकडून. एक जण हळूच विचारतो, भोंगा वाजला होता का... दुसरा उत्तर देतो."

मी फोन घेऊन भट्टीपासून लांब सरकलो.

"दुसरा आवाज कुणाचा, ते कळत नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "आत्ता कळलं. तुम्ही 'कसले' म्हणालात ना... तेव्हा."

पिठाचे हात मी सदऱ्याला पुसले. माझा आवाज मला कुठूनतरी लांबून ऐकू आला.

"तो... काय उत्तर देतो?"

"दर वेळी एकच," त्या म्हणाल्या. "'वाजवला, दाजी. तीनदा वाजवला.'"