फळ्यांखालचे गुलाब

घराबाहेर

"ते घर परवा इथं नव्हतं!" एलिंग ओरडला.

"हळू!" रग्नाने धाकट्या भावाचं तोंड दाबलं.

डकोटाच्या माळावर, उंच गवतात तिघं पालथी पडली होती. बारा वर्षांची रग्ना, एलिंग आणि शेजारचा वोयता. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. संत योहानाच्या सणाला सगळी वस्ती दोन दिवस लांबच्या चर्चला गेली होती. परत येऊन बघतात तर रग्नाच्या घरच्यांच्या जमिनीवर निळ्या दाराचं, फळ्यांचं घर! दारात प्रुइट नावाचा माणूस पाइप ओढत बसलेला.

म्हणे, "मी ऑक्टोबरपासून राहतोय. ही माणसं मागाहून आली."

कायदा असा: आधी घर बांधून वसेल त्याची जमीन. पाहणीला सरकारी जमीन कचेरीचे साहेब आज येणार होते. बाबा दूर रेल्वेच्या कामावर. परदेशातून आलेल्या आईला इंग्रजी येत नव्हतं. बाबांनी खणलेली विहीर, नांगरलेला पट्टा, दरडीत कोरलेलं घर...

रग्नाला पुढचा विचार करवेना.

"हे दार मी मावशीच्या गावाजवळ पाहिलंय," वोयता कुजबुजला. "असली घरं ओंडक्यांवर बसवून बैलांनी ओढत नेतात. आज याच्या जमिनीवर, उद्या त्याच्या. पाहणीपुरतं, भाड्याने!"

"घर? ओढत? काहीही फेकतोस!" एलिंग म्हणाला.

"तुझ्या डोक्यापेक्षा हलकं असतं ते!"

"पण ओढल्याच्या खुणा कुठायत?" रग्नाने विचारलं.

"गुरं फिरवून पुसल्या असतील."

रग्ना एकदम उठून बसली. "आपण पाण्याचं पिंप हलवलं, तेव्हा खालचं गवत कसं झालं होतं?"

"पांढरं. मेलेलं."

"मग या घराखाली बघायला हवं!"

घराखाली

एलिंग सगळ्यात बारीक. तो मागच्या बाजूने, फटीतून सरपटत घराखाली शिरला. आधी त्याचे तळवे दिसत होते, मग तेही दिसेनात.

साप असला तर? घर खचलं तर?

"एलिंग! बाहेर ये!"

रस्त्यावर धूळ उठली. साहेबांची घोडागाडी!

घरात

साहेबांनी भिंती मोजल्या, खिडकी मोजली. प्रुइट हसत कॉफी ओतत होता. आई उंबऱ्यात उभी होती.

"साहेब, हे घर परवा आलंय," रग्ना म्हणाली.

"पोरखेळ!" प्रुइट खेकसला. "चल, बाहेर हो!"

"थांबा. बोल, मुली. पुरावा?"

"हे घर हिवाळाभर इथं असेल, तर खाली उजेड नाही, पाऊस नाही. मग खाली काय उगवेल?"

"काहीच नाही."

"मग..."

मग काहीच घडलं नाही. रग्नाने पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं. एलिंग, कुठायस रे?

त्यातल्या एका फळीला भोक होतं. त्यातून हळूच गुलाबी काहीतरी वर आलं. माळावरचा रानगुलाब! टवटवीत फुललेला!

"पोरांनी तोडून आणलाय!" प्रुइट किंचाळला.

साहेबांनी फूल धरून ओढलं. येईना. पुन्हा ओढलं.

"ओढू नका हो!" खालून आवाज आला. "मुळं जमिनीत आहेत! आणि काटे माझ्या हातात!"

साहेब बाहेर गेले, चक्क गुडघ्यांवर बसले आणि घराखाली वाकले. हिरवंगार गवत. फुलंच फुलं. आणि मधोमध, दात काढणारा एलिंग.

घर होतं तिथं

संध्याकाळी बैल निळ्या दाराचं घर ओढत घेऊन गेले. पाठोपाठ प्रुइट, मान खाली घालून.

"इतकी घरं तपासली," साहेब तिघांशी हात मिळवत म्हणाले, "पण खाली वाकून बघायचं मला कधी सुचलं नाही. शाबास!"

शब्द आईला कळले नाहीत. तिने विहिरीचं पाणी काढून पहिला पेला साहेबांना दिला. आपल्या विहिरीचं. मग तिने रग्नाचे हात आपल्या ओल्या हातांत घट्ट धरले.

"आई, बाबा आले की आपलं घर इथंच बांधायचं?" एलिंगने विचारलं.

दबलेल्या चौकोनात गुलाब मान वर काढत होते.

"नको," आई म्हणाली. "थोडं बाजूला."