रिकाम्या पानावरचे श्वास

घडलं तसं सांगते. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही, मलाच अजून पटलेलं नाही.

रविवार होता. दुपारचे तीन. ऑफिसात मी एकटी, आणि टेबलावर श्वास देणारं एक यंत्र.

याच यंत्रावर तीन आठवड्यांपूर्वी माझा दादा गेला होता.

त्यानंतर ते दोनदा मध्येच अडकलं. दोन्ही वेळा नर्सने हाताने हवा देऊन पेशंट वाचवला. हॉस्पिटलात दुसरं यंत्र शिल्लक नव्हतं. सोमवारी सकाळी हेच दुरुस्त होऊन जायला हवं होतं.

यंत्राचा कर्नल, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम, माझ्या हातचा. पेशंट बदलला की कर्नल त्याचं मेमरीतलं पान पुसतो आणि पुढच्याला देतो. इथे पुसलेल्या पानावर कुणीतरी पुन्हा लिहीत होतं. पुढच्याचे आकडे बिघडायचे, यंत्र अडकायचं.

"जुना भाडेकरू किल्ली घेऊन गेलाय," सर फोनवर हसले. "शोध आणि हाकल."

यंत्र दादाचं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आमची पद्धत साधी. रिकामं पान एकाच खुणेने भरून ठेवायचं. खूण बदलली की समजायचं, कुणीतरी आलं होतं.

भरलं. थांबले.

खूण बदलली...

एक. दोन. मग बराच वेळ काहीच नाही.

एक. दोन. पुन्हा तसंच.

दादा असाच घोरायचा. लहानपणी आम्ही एकाच खोलीत झोपायचो. तो मध्येच थांबला की मी घाबरून उशी फेकायचे.

हवेचा पंप मी सकाळीच काढून ठेवला होता. नळी टेबलावरून नुसती लोंबत होती. तिच्या तोंडाशी तळहात धरला...

कोमट होतं.

मी घाईघाईने पानाला कुलूप घातलं. आता जो हात लावेल त्याला कर्नल अडवणार आणि नाव नोंदवणार.

नोंद आली. नावाची जागा कोरी...

आणि कुलपावरच्या धडकांचा वेग वाढायला लागला. मिनिटाला बारा. वीस. एकतीस.

शेवटच्या तासात दादाच्या स्क्रीनवरही मिनिटाला एकतीसच श्वास होते. मी काचेबाहेर उभी होते.

"सर, नावच येत नाहीये."

"कुलूप लागलं ना? मग झालं. पाठवून दे."

"पण आत कुणीतरी..."

"अगं, उद्या त्यावर कुणाची तरी आई असणार आहे!"

खरंच होतं ते. मी पाठवलं.

तेव्हापासून यंत्र एकदाही अडकलेलं नाही. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

कुलपावरची प्रत्येक धडक नोंदली जाते, आणि ती नोंद हॉस्पिटलातून माझ्याकडे येते. रोज सकाळी मी ती नोंद उघडते.

आजही... मिनिटाला एकतीस.

कुलूप काढलं, तर खाटेवरची बाई गुदमरेल.

दादा, मला उघडता येत नाही रे.