तिसरा कागद

वीज गेली तशी पोरं मसाजीआबांच्या ओट्यावर जमली. आबांनी आवाज खाली आणला.

"ही ऐकीव न्हाई. कळमनुरीचा तातेराव फोटोवाला माझा दोस्त. त्याच्या घरात झालेली. सत्त्याण्णव साल, मार्गशीर्षातली अमावस्या, सोमवार."

त्या रात्री नवाच्या सुमारास तातेराव दुकान बंद करून घरी आला, तर दारात तांड्यावरची निर्मलाबाई बसलेली. तिचा नऊ वर्षांचा खेमा पोळ्याच्या दिवशी कयाधू नदीत बुडाला होता. त्याचा फोटो एकच, शाळेतला, सगळ्या वर्गाचा. तातेरावानंच वडिलांच्या लाकडी कॅमेऱ्यानं काढलेला. त्याची वहीच्या पानाएवढी फिल्म तातेरावाच्या पेटीत होती. तिच्यात खेमाचं तोंड साफ होतं, पण काळं, उलटं. आईला ते ओळखू येईना.

"भाऊ, त्याचा आवाज आठवतो. तोंड... आठवून न्हाई राहिलं."

"मोठा करायची मशीन न्हाई माझ्याकडं, बाई. फिल्म जेवढी, तेवढाच फोटो. आन् कागद तीनच राहिले. आता कुठं मिळत न्हाईत."

"हरभऱ्याएवढं दिसू द्या. बस."

स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडं लावलं. लाल दिव्यात त्यानं कागदावर फिल्म ठेवली, वर काच.

"बाई, काच कडेनं घट्ट दाबा. मधे बोट आलं, तर तेवढी जागा पांढरी राहते."

सहा अंक मोजेपर्यंत पांढरा बल्ब लावला. विझवला. कागद औषधाच्या ताटात सोडला. मास्तर उमटले, पोरं उमटली. खेमाच्या तोंडावर पांढरा डाग.

"बोट आलं ना तुमचं!"

"न्हाई हो भाऊ. देवाशप्पथ."

दुसऱ्या वेळी त्यानं तिला मागं उभं केलं. काचेच्या कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले. बल्ब विझेपर्यंत पापणी न लववता तो पाहत राहिला. काच रिकामी होती.

ताटात तोच डाग. आता नीट दिसला. पाच बोटं. इवलीशी.

तातेरावानं चिमटा खाली ठेवला. "बाई... घरी जा. उद्या बघू."

ती कागदावर वाकली. "लाजून राहिला. फोटो म्हटलं की असंच तोंड झाकायचा."

"बाई..."

"एक कागद हाय ना, भाऊ? पाया पडते."

त्याला नाही म्हणवेना. या वेळी काच पुन्हा तिनंच धरली. अंधाराकडं पाहून म्हणाली, "हात काढ रे राजा. मी तुझं तोंड विसरत चालले."

बल्ब लागला. एक... दोन... तीन...

तिचा डावा अंगठा काचेवर घसरला. तातेराव ओरडणार होता. तेवढ्यात सहा झाले, बल्ब विझला.

ताटात बराच वेळ काहीच नाही.

मग मास्तर. मग पोरं.

मग खेमा. स्वच्छ. भिवया. पडका दात.

निर्मलाबाईनं तोंडात पदर कोंबला.

आबा थांबले. पोरं जवळ सरकली.

"फोटो वाळेपर्यंत ती तिथंच बसली," ते म्हणाले. "न्यायच्या आधी, सकाळी, तातेरावानं मला बोलावून दाखवला. डाव्या कडेला तिच्या अंगठ्याची पांढरी खूण होती. बराबर जिथं घसरला, तिथं. आन् त्या अंगठ्याला..."

"काय, आबा?"

"चार बारकी बोटं. घट्ट धरून."