मधल्या भांड्यातलं पाणी

हायड्रेंजिया म्हणजे फुलांमधला बेवडा, असं माझी नणंद म्हणते. खोटं नाही ते. पाणी घटाघटा पितं आणि तासभर कोरडं राहिलं की मान टाकतं. म्हणून समारंभाच्या कामात बरेच फूलवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. मी जाते. तेवीस वर्षं आम्ही दोघी सजावटीचं काम करतोय, आणि लोक आमच्याकडे येतात ते एवढ्याचसाठी की शेवटचा पाहुणा उठेपर्यंत आमची फुलं ताठ असतात.

ज्या घरची ही गोष्ट, तिथलं काम घरच्या लेकीने दिलं होतं. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. दुपारचं जेवण, चोवीस माणसं, एकच लांब टेबल.

"बाबांचं घशाचं ऑपरेशन झालंय," ती फोनवर म्हणाली. "सहा महिने पाटीवर लिहून बोलत होते. आता आवाज परत आलाय. त्या दिवशी आईबद्दल चार शब्द बोलणार आहेत. फुलं मधे येऊ देऊ नका. सगळ्यांना त्यांचा चेहरा दिसला पाहिजे."

बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली राहतील अशी पाच बुटकी काचेची भांडी मी ठरवली. टेबलाच्या मधोमध, एका ओळीत. निळसर हायड्रेंजिया, त्यात पांढरे गुलाब, कडेला बारीक पानं. देठ खोचायचा हिरवा स्पंज मी वापरत नाही. तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवते, देठ तिच्यात अडकवते आणि वरपर्यंत पाणी भरते.

सकाळी सातला पोचलो. चढाच्या टोकाला दुमजली घर, जेवणाच्या खोलीला पूर्वेकडे तीन खिडक्या. टेबल काळपट लाकडाचं, जड, इतकं जुनं की कडा हाताने झिजून गोल झाल्या होत्या. साडेआठला पाचही भांडी जागेवर होती. नणंद दाराशी जाऊन, एक डोळा मिटून ओळ बघत होती.

"वहिनी, मधलं भांडं रुसलंय."

खरंच. तिसऱ्या भांड्यातली हायड्रेंजिया खाली झुकली होती. मी बोट घातलं. जाळी कोरडी होती. पाण्याचा थेंब नव्हता.

"बूड गळतंय," ती म्हणाली.

टेबलावर ओल नव्हती. खाली जमिनीवरही नाही. तरी आम्ही फुलं काढली, भांडं भरून बाजूला कागदावर ठेवलं, दहा मिनिटं वाट पाहिली. कागद कोरडा. मग मी पहिलं भांडं मध्ये आणलं आणि मधलं पहिल्या जागी नेलं. नऊच्या सुमारास पाहिलं तर मध्ये आणलेलं भांडं आटलं होतं, आणि ते रुसलेलं आता काठोकाठ भरलेलं, प्रसन्न.

म्हणजे दोष भांड्याचा नव्हता, फुलांचाही नव्हता. जागेचा होता.

ऊन तिथे पोचत नव्हतं. पंखा बंद होता. मी एका साध्या ग्लासात पाणी घेतलं, काचेवर मेणाच्या पेन्सिलने रेघ ओढली, ग्लास मधोमध ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले. नणंद माझ्या पाठीशी उभी राहिली.

पाणी उतरायला लागलं. सलग नाही. थोडं उतरायचं, थांबायचं. पुन्हा थोडं. घोट घेतल्यासारखं.

आवाज कसलाही नव्हता.

माझी नणंद मयतातसुद्धा विनोद करते. आता मात्र तिने माझ्या खुर्चीची पाठ धरली. म्हणाली, "मधलं काढून टाकू. चारच ठेवू."

"चार ठेवली तर मधे भगदाड दिसेल."

"दिसू दे."

"माझ्या कामात नाही दिसणार."

मी हट्टी आहे. तिच्या आईने लग्नाआधीच तिच्या भावाला ही सूचना देऊन ठेवली होती. मी भांडं पुन्हा भरलं, झुकलेली फुलं बदलली आणि झारी हाताशी ठेवली.

दहाच्या सुमारास घरच्या काकू, लेकीच्या आई, आत आल्या. समारंभाची साडी नेसलेली, केस अजून ओले. टेबल पाहून त्या आधी हसल्या, आणि मग त्यांची नजर मधल्या भांड्यावर थांबली.

"तिथे पाणी ठेवलंत?"

"हो. काही चुकलं का, काकू?"

"आम्ही त्या जागी पाणी ठेवत नाही." स्वयंपाकघरातला कुठला खण अडकतो ते सांगावं, तशा सुरात त्या बोलल्या.

"का?"

"मला माहीत नाही. सासूबाई ठेवत नसत. टेबल त्यांच्या माहेरचं. पाण्याचा जग नेहमी माझ्या हाताशी असायचा, त्यामुळे लेकीसमोर कधी विषयच निघाला नाही."

"आणि ठेवलं तर?"

त्यांनी एका फुलाखाली बोट धरून त्याची मान वर उचलली, सोडली. ती पुन्हा पडली.

"किती वेळा भरलंस?" आता त्या मला अगं-तुगं करत होत्या.

"पाच वेळा. ग्लास धरला तर सहा."

"मग आता मधेच थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "जेवण होईपर्यंत तरी नको."

नणंदेने माझा दंड धरला. "चल, निघू या. त्यांच्या घरचं त्यांना निस्तरू दे."

"तू गाडीत बस हवं तर."

ती बसली नाही. बादलीने पाणी आणून देत राहिली.

साडेबाराला पाहुणे आले. काका टेबलाच्या टोकाला बसले, पाचव्या भांड्यासमोर. उंच, वाळलेले गृहस्थ. आयुष्यभर पूल बांधलेले, गळ्याला रुमाल. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि दर आठ-दहा मिनिटांनी पुढे होऊन लांब चोचीच्या झारीने मधलं भांडं भरत राहिले. एक पाहुणी कौतुकाने म्हणाली, "किती जपता हो फुलांना! आमच्या घरी माणसांना कुणी इतकं विचारत नाही." सगळे हसले. मीही हसले. माझ्या मनगटात गोळा आला होता.

दीड वाजता पाणी उतरायचं थांबलं.

मी पंधरा मिनिटं पाहिलं. भांडं भरलेलंच. फुलं टवटवीत. तहान भागली असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि कुणाची ते मनातही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटलं. नणंदेकडे पाहून मी भुवई उडवली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. चौथ्या भांड्याकडे बघत होती.

चौथ्यातली फुलं झुकली होती.

मी ते भरलं. ते एकदा आटलं, दुसऱ्यांदा भरल्यावर तसंच राहिलं. मग पाचव्यातल्या फुलांनी माना टाकल्या. मी तेही भरायला पुढे झाले, तेवढ्यात लेकीने चमच्याने ग्लास वाजवला आणि काका टेबलाला धरून उभे राहिले.

"पन्नास वर्षांपूर्वी," काका म्हणाले, आणि थांबले.

खाकरले. ग्लास उचलून तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिले. ते प्यायले नव्हते. ग्लासात काही नव्हतंच.

लेकीने पाण्याच्या जगातून तो भरला. त्यांचा हात पोचेपर्यंत तो रिकामा झाला होता.

"पन्नास," ते म्हणाले. आवाज नव्हता, नुसती हवा होती. ओठांवर जीभ फिरवली. ओठ माझ्या डोळ्यांदेखत पांढरे पडत होते, कोरड्या मातीला पडतात तशा त्यांना बारीक भेगा पडत होत्या. कुणीतरी म्हणालं, बसा, दमलात तुम्ही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकू नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

मी पुढे झाले. "पाणी बदलते हं," एवढं म्हणून पाचवं भांडं उचललं. जाळीसकट फुलं काढून नणंदेच्या हातात दिली. रिकामं भांडं काकांच्या खांद्याशी धरलं आणि झारीतून बारीक धार सोडली.

"इकडे," मी पुटपुटले.

काही झालं नाही.

मी धार चालू ठेवली. भांडं अर्धं भरलं.

मग पाणी उतरलं. एक घोट.

मी एक पाऊल मागे सरकले. धार सोडली. पुन्हा एक घोट.

वासराला गवताची पेंढी दाखवत नेतात, तशी मी उलट्या पावलांनी निघाले. खोलीच्या दारापर्यंत. मग बोळातून. झारी जड होती, भांडं जड होतं आणि समोर जो कुणी होता त्याला घाई नव्हती. मी थांबले तर पाणी थांबायचं. मी सरकले की उतरायचं. माझ्या बोटांना कसलाही श्वास लागला नाही, कसलाही स्पर्श झाला नाही. फक्त भांडं दर वेळी किंचित माझ्या हाताबाहेर ओढलं जायचं. पिणारा काठ धरतो तेव्हा ओढलं जातं, तेवढंच.

मागे वळून बघायचं नाही, पुढेही फार बघायचं नाही. पाण्याकडे बघायचं.

अंगणाच्या पायऱ्या मी पावलाने चाचपत उतरले. आतून काकांचा आवाज आला. आधी घोगरा, मग मोकळा. पहिल्याच भेटीत हिने मला विचारलं होतं, की तुमचे पूल पडत तर नाहीत ना? मोठ्याने हशा पिकला. टाळ्या झाल्या. मी पायऱ्या मोजत होते.

नणंद धावत पुढे गेली, आमच्या गाडीचं दार उघडलं आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन माझ्या पायाशी ठेवला. मी भांडं मांडीवर घेऊन बसले. तिने गाडी सुरू केली.

रस्त्यात मी भांडं नऊ वेळा भरलं. नदीच्या पुलावर तिने गाडी हळू केली.

"टाक," ती म्हणाली. "भांड्यासकट टाक खाली. हवं तेवढं पिऊ दे."

मी काच अर्धी उतरवली होती. खाली काठाने वस्ती होती, कुणी कपडे वाळत घातले होते, एक बाई धाकट्याला अंघोळ घालत होती.

"नको," मी म्हणाले. "चल पुढे."

"वहिनी, अगं, हे घेऊन काय करणार आहेस तू?"

"पाणी देणार. दुसरं काय करायचं?"

आमच्या दुकानामागे कामाची खोली आहे. तिथे मोरीच्या वर दगडी फळी आहे, तिच्यावरच्या सुतळ्या आणि तारा काढून मी ते भांडं ठेवलं. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा भरते, बंद करताना एकदा. दोन वेळा पुरतं. बादल्यांमधल्या पाण्याला तिथे कुणी हात लावत नाही. पहिल्या आठवड्यात नणंद त्या खोलीत एकटी जायची नाही. नंतर सवय झाली. एकदा मला उशीर झाला तेव्हा तिनेच भरून ठेवलं होतं. "मांजर पाळलं असतंस तर निदान उंदीर तरी धरले असते," एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. मी मागच्या खोलीत एका बारशाच्या... नाही, एका वाढदिवसाच्या टोपलीला तार गुंडाळत होते. मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला.

"फुलं आठ दिवस टिकली गं. मधलं भांडं तर दहा."

"काका कसे आहेत?"

"थांबतच नाहीत बोलायचे. मीच आता पाटी हातात घ्यावी म्हणते." त्या हसल्या. मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पाणी देतेस ना?"

"देते."

"दोन वेळा?"

"दोन वेळा. चुकवत नाही."

"बरं करतेस." मग कुणाच्या तान्ह्या मुलाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "बोलायला लागलं का?"

माझ्या हातातली तार तशीच राहिली. मी फळीकडे पाहिलं. भांड्यात पाणी निम्म्यावर होतं, स्थिर.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तार गुंडाळायला घेतली तोच दुकानाकडचं दार उघडून नणंद आत आली. एका हातात कात्री, दुसऱ्यात काटे काढायचा राहिलेला गुलाब, कपाळावर आठी.

"आले ना," ती म्हणाली. "किती वेळ हाका मारतेस गं, वहिनी?"